आमची वाटचाल : मीटिंगचे तास आणि आमच्या हजेरीची वही

सांगलीच्या कापड पेठेपासून जवळ असलेले आमचे तयार कपड्यांचे दुकान आम्ही उभयतांनी 2012 साली तीन सहकाऱ्यांना घेऊन सुरू केले. आज आमच्याकडे चौदा जण काम करतात. जागा कशी मोठी झाली, लहान मुलांच्या कपड्यांचा विभाग कधी निघाला, हे थोडक्यात सांगून संपेल. परंतु या व्यवसायात मला सर्वांत जास्त शिकवणारी गोष्ट विक्रीची नाही, ती आमच्या कामगारांच्या वेळेची आहे, आणि म्हणून या वाटचालीत मी तीच सविस्तर लिहीत आहे.

दुकानाची मालकीण होण्याआधी 2006 ते 2011 अशी पाच वर्षे मी पुण्यात कपड्यांच्या एका मोठ्या दालनात विक्रेती म्हणून उभी राहिले. तिथे रात्री साडेनऊला शटर अर्धे खाली आले की आम्हाला सांगितले जाई, "आधी पंच आउट करा आणि मग वरच्या मजल्यावर या." म्हणजे यंत्राच्या नोंदीप्रमाणे मी घरी गेलेली असे, आणि प्रत्यक्षात टार्गेट का हुकले याचा जाब देत तासभर उभी असे. महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी आठ वाजता सर्वांची मोठी मीटिंग असे. एका रविवारी आईला ताप होता म्हणून मी गेले नाही, तर महिनाअखेरीस अर्ध्या दिवसाचा पगार कापला गेला. व्यवस्थापकांना मी विचारले, की मीटिंग हे काम नसल्यामुळे तिचा पगार मिळत नसेल, तर न आल्याबद्दल पगार कापला कसा जातो? त्यावर, मीटिंग तुमच्याच भल्यासाठी असते, एवढेच उत्तर मिळाले. तो प्रश्न मी पुढे कुठेही नेला नाही. नोकरी हवी होती, आणि माझ्याजवळ कागदावर लिहिलेले काहीच नव्हते.

हे सगळे भोगून आलेल्या बाईने स्वतःच्या दुकानात तीच चूक करावी, याचे मला आजही वाईट वाटते. 1 जुलै 2017 रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला. हजार रुपयांपर्यंतच्या तयार कपड्याला 5 टक्के आणि त्यावरच्याला 12 टक्के, असे दोन दर झाले, आणि हजाराच्या आसपास किंमत असलेल्या मालाला सवलत दिली की दर बदलतो, हे बिलिंगला बसणाऱ्यांपासून काउंटरवरच्या प्रत्येकाला समजणे आवश्यक झाले. त्यासाठी आम्ही दर बुधवारी रात्री साडेआठला, दुकान बंद केल्यावर, सर्वांनी थांबायचे असे ठरवले. त्या पहिल्या चार-पाच बैठका खरोखरच गरजेच्या होत्या. मात्र कराचा विषय संपला तरी बुधवार संपला नाही. मग त्यात माल कसा लावायचा, ट्रायल रूमसमोर कपडे का साचतात, लग्नसराईची तयारी, असे विषय येत गेले आणि पाऊण तास ही तिची ठरलेली लांबी झाली.

त्या वेळी आमच्याकडे अकरा जण होते. सहा जणांची वेळ सकाळी दहा ते संध्याकाळी सात होती आणि पाच जणांची साडेअकरा ते साडेआठ, दोन्हींत एक तास जेवणाची सुटी. सकाळच्या सहा जणांचे काम सातला संपे आणि मीटिंग साडेआठला सुरू होई. मधला दीड तास ते दुकानातच असत, आणि दुकानात असलेला माणूस रिकामा बसत नाही. गिऱ्हाईक आले की तो उठतो आणि घडी विस्कटली की ती घालतो. आम्हाला ते दिसत होते आणि तरीही आम्ही ते मोजत नव्हतो.

सप्टेंबर 2018 मध्ये बुधगावहून येणारी आमची एक जुनी सहकारी दुपारच्या निवांत वेळी माझ्यासमोर येऊन बसली आणि तिने शाळकरी मुलांची असते तशी दोनशे पानी वही पुढे केली. "वहिनी, रागावू नका, पण एवढं एकदा बघा," असे ती म्हणाली. वहीत चौदा महिन्यांच्या प्रत्येक बुधवारची तारीख, मीटिंग सुरू झाल्याची व संपल्याची वेळ, विषय आणि ती घरी पोहोचल्याची वेळ लिहिलेली होती. बैठका कशाला घेता, असे तिचे म्हणणे नव्हते. तिचे म्हणणे असे होते, की सोयीची एसटी चुकते, रात्री दुसऱ्याच्या गाडीवरून जावे लागते, घरी बोलणी बसतात, आणि या सगळ्याचा हजेरीत कुठेही उल्लेख नाही. तिच्यामागे आणखी चौघी उभ्या होत्या, आणि त्या पाचही जणींनी आधी आपसात बोलून वही पुढे करण्याचे ठरवले होते, हे मला नंतर कळले. मला पुण्यात जे सुचले नव्हते ते यांना सुचले होते. म्हणूनच दुसऱ्या दुकानांतील मुली आज मला विचारतात तेव्हा मी त्यांना हेच सांगते, की तक्रार तोंडी करण्याआधी तारीख-वेळ लिहायला लागा, एकटीने जाऊ नका, आणि प्रश्न शांतपणे एकच विचारा : ही वेळ हजेरीत धरणार का?

त्या रात्री आम्ही दोघांनी हिशेब केला. पाऊण तासाचे 52 बुधवार म्हणजे वर्षाला 39 तास. सकाळच्या पाळीला थांबण्याचा दीड तास धरून 117 तास, म्हणजे आठ तासांच्या दिवसाने जवळजवळ पंधरा दिवस. पंधरा दिवस एखाद्या माणसाकडून विनामूल्य काम करून घेणे, असे शब्द मी वापरले तेव्हा माझे पती काही वेळ बोललेच नाहीत. दुसऱ्या दिवशी आमच्या कर सल्लागारांना कायद्याबद्दल विचारले. 19 डिसेंबर 2017 पासून महाराष्ट्रात दुकाने व आस्थापनांचा नवा कायदा लागू झाला होता आणि दहा किंवा अधिक कामगार असल्यामुळे तो आम्हाला पूर्णपणे बंधनकारक होता. दिवसाला नऊ आणि आठवड्याला 48 तासांच्या वर काम घेतले तर त्या जादा वेळेचे वेतन दुप्पट दराने द्यायचे, आणि कामावर येण्यापासून सुटण्यापर्यंतचा एकूण पसारा सुटी धरून सर्वसाधारणपणे साडेदहा तासांच्या वर जाऊ द्यायचा नाही, अशी त्यात तरतूद होती. सकाळी दहाला आलेली मुलगी बुधवारी सव्वानऊला सुटत होती, म्हणजे सव्वाअकरा तास झाले. आठवड्याचे 48 तास तर आम्ही नेहमीच्या कामातच पूर्ण वापरत होतो, त्यामुळे मीटिंगचे एकही मिनिट जादा कामाबाहेर राहत नव्हते. याआधीच्या 1948 च्या कायद्यात तर कामाच्या तासांची व्याख्याच अशी होती, की विश्रांती आणि जेवणाची सुटी वगळून कामगार मालकाच्या स्वाधीन असतो तो सगळा काळ. त्या व्याख्येतील 'स्वाधीन' हा अर्थ मला पटला, कारण मीटिंगमध्ये गाठोडे उचलावे लागत नसले तरी उठून घरी जाता येत नाही.

सरासरी पगार 9,360 रुपये होता. 26 दिवसांनी आणि आठ तासांनी भागले की तासाला 45 रुपये आणि दुप्पट दराने 90. सकाळच्या पाळीतील प्रत्येकीचे वर्षाचे 10,530 आणि दुपारच्या पाळीतील प्रत्येकाचे 3,510 रुपये झाले; अकरा जणांचे मिळून 80,730. आमच्यासारख्या दुकानाला ही रक्कम लहान नव्हती. परंतु ती आमची कधीच नव्हती, हे एकदा मान्य केल्यावर ती कशी द्यायची एवढाच प्रश्न उरला. वहीतील चौदा महिन्यांची थकबाकी आम्ही दिवाळीपासून तीन हप्त्यांत दिली. माझ्या पतींच्या ओळखीच्या एका व्यापाऱ्यांनी त्यांना भर पेठेत सुनावले, की अशाने तुम्ही सगळ्यांचीच माणसे बिघडवाल. त्या तिमाहीत नवा माल कमी भरावा लागला आणि हिवाळी कपड्यांत आम्ही मागे पडलो, हेही खरे आहे.

मीटिंग मात्र बंद केली नाही, कारण तिची गरज आहे असे माझे मत आजही आहे. ती बुधवारी सकाळी साडेअकराला आणली. त्या वेळी दोन्ही पाळ्या दुकानात असतात आणि गिऱ्हाईक तुरळक असते. मर्यादा वीस मिनिटांची ठेवली आणि दोघांनी आळीपाळीने काउंटर सांभाळायचे ठरवले. ज्यांची त्या दिवशी सुटी असेल त्यांनी यायचे नाही. त्यांच्यासाठी विषय फळ्यावर लिहिलेले असतात. पगार देऊन मीटिंग घ्यायची म्हटल्यावर आमचे बोलणेही आपोआप मुद्द्याला आले, आणि पूर्वीच्या पाऊण तासात निम्मा वेळ मीच बोलत होते, हे मला तेव्हा कळले. 31 मार्चच्या स्टॉक मोजणीची रात्रही तेव्हापासून जादा कामाच्या नोंदवहीत जाते. कपड्यांच्या कंपन्यांचे प्रतिनिधी प्रशिक्षणासाठी सुटीचा दिवस सुचवतात, तेव्हा आम्ही त्यांना कामाच्या वेळेतच बोलावतो. व्हॉट्सअॅपच्या गटावर रात्री साडेआठनंतर मी काही लिहिले तर त्याला उत्तर देण्याची कोणावरही सक्ती नाही, हे मात्र अमलात यायला बराच काळ लागला, आणि तो उशीर माझ्याच सवयीमुळे झाला.

ऑगस्ट 2019 मध्ये कृष्णेला पूर आला आणि आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांच्या वर गेले. पाणी पेठेत शिरण्याआधीच्या रात्री आमचे आठ सहकारी न बोलावता आले आणि पहाटेपर्यंत त्यांनी गठ्ठे वरच्या मजल्यावर चढवले. पूर ओसरल्यावर मी त्या रात्रीचे तास हजेरीत लिहायला घेतले, तेव्हा त्यांच्यातील एक जण म्हणाला, "वहिनी, हे आम्ही मनानं केलंय, हे लिहू नका." त्याच्या भावनेचा मला आदर आहे. तरीही मी ते तास लिहिले आणि त्यांचे पैसे दिले, कारण मनाने दिलेल्या वेळेचे नाव पुढे करूनच सक्तीची वेळ फुकट मागितली जाते, हे मी पुण्यात पाहिले होते. घरचे दुकान समजून थांबा, असे मी बुधवारच्या मीटिंगला स्वतः म्हणाले होते, आणि पुराच्या रात्रीनंतर ते वाक्य मी पुन्हा वापरलेले नाही.

22 सप्टेंबर 2025 पासून कपड्यांच्या कराचे दर पुन्हा बदलले. अडीच हजारांपर्यंत 5 टक्के आणि त्यावर 18 टक्के झाले. 2017 सारखीच सर्वांना एकत्र बसवून समजावण्याची वेळ आली आणि त्यासाठी लागोपाठ चार सकाळी आम्ही दुकान पाऊण तास उशिरा उघडले. सर्वांची हजेरी मात्र नेहमीच्या वेळेपासून धरली. त्याच महिन्यात राज्य मंत्रिमंडळाने कामाची दैनंदिन मर्यादा नऊवरून दहा तास करण्यास आणि या तरतुदी वीस किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना लागू करण्यास मान्यता दिली. आम्ही चौदा जण असल्यामुळे, आता तुम्हाला कोण विचारणार आहे, असे काही जणांनी सुचवून पाहिले. आमच्या भिंतीवरचे वेळापत्रक आम्ही बदललेले नाही.

थकबाकी देताना दोघी जणी आमच्याकडून आधीच काम सोडून गेल्या होत्या. एकीचा पत्ता मिरजेत मिळाला आणि तिचे पैसे मी स्वतः नेऊन दिले. दुसरी लग्न होऊन गेली, तिचा जुना फोन बंद आहे आणि माहेरचे घरही बदलले आहे. तिच्या नावासमोर 4,050 रुपये ही रक्कम आमच्या खातेवहीत दर वर्षी पुढच्या पानावर ओढली जाते. तिच्याबरोबर काम केलेल्या मुलींकडे मी अधूनमधून तिची चौकशी करते.