तावोलारा : एका कुटुंबाचं राज्य

इटलीच्या सार्डिनिया बेटाच्या ईशान्य किनाऱ्यावर, ओल्बिया शहरापासून जवळच, समुद्रातून सरळ वर आलेला एक प्रचंड कातळ दिसतो. तोच तावोलारा. जेमतेम ५ किलोमीटर लांब, १ किलोमीटर रुंद, आणि माथा मात्र ५६५ मीटरवर. आम्ही जूनच्या सुरुवातीला गेलो. पोर्तो सान पाओलोच्या धक्क्यावरून लाँच सुटते आणि वीस-पंचवीस मिनिटांत बेटावर सोडते. शेवटची परतीची लाँच किती वाजता, हे चढण्याआधीच विचारून घ्या. बेटावर राहायची सोय जवळपास नाहीच.

बहुतेक लोक उतरतात आणि तडक पुळणीवर जातात. तुम्ही आधी दफनभूमीकडे वळा. छोटीशीच आहे. त्यात पाओलो बेर्तोलेओनीची कबर आहे आणि तिच्यावर मुकुट आहे. मी तिथे बराच वेळ उभी होते.

पाओलोचे वडील ज्युझेप्पे १८०७च्या सुमारास या ओसाड बेटावर येऊन राहिले. इथल्या रानबोकडांचे दात सोन्यासारखे पिवळे दिसत, इथलं गवत खाऊन. त्यांच्या शिकारीसाठी १८३६ मध्ये सार्डिनियाचा राजा कार्लो अल्बेर्तो आला. तेव्हा पाओलोने आपली ओळख तावोलाराचा राजा अशी करून दिली आणि पाहुण्या राजाने ती मान्य केली, असं घराण्यात सांगतात. कायद्याने आज हे बेट इटलीचंच आहे. पण इतक्या पिढ्या एका कुटुंबाने ते राजेपण मनापासून जपलं, तर त्याला नुसती थाप म्हणवत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस एका ब्रिटिश जहाजावरच्या लोकांनी या कुटुंबाचा फोटो काढला, तो राणी व्हिक्टोरियाच्या राजघराण्यांच्या संग्रहात गेला. त्याची प्रत इथे घराण्याच्याच रेस्टॉरंटमध्ये भिंतीवर आहे. साधे कपडे घातलेली, कॅमेऱ्याकडे रोखून बघणारी माणसं. जेवण मागवायच्या आधी तो बघा.

१९६२ मध्ये नाटोचा तळ आला आणि बहुतेक कुटुंबांना बेट सोडावं लागलं. पूर्वेकडच्या भागात आजही जाता येत नाही. उंच मनोरे दुरूनही दिसतात, आणि मला ते बघून वाईटच वाटलं.

सावली फार कमी आहे, म्हणून टोपी आणि भरपूर पाणी न्या. माथ्यावर जायचं असेल तर वाटाड्याशिवाय जाऊ नका, वरच्या टप्प्यात दोराची चढाई आहे. शाकाहारी असाल तर बटाटा, चीज आणि पुदिन्याचं सारण भरलेले कुलुर्जोनेस (पास्त्याचा एक प्रकार) मिळतात का, ते विचारा. नाहीतर पाने काराझाऊ हा पापडासारखा कुरकुरीत पाव बरोबर ठेवा. पुळणीवरची वाळू, शंख-शिंपले आठवण म्हणूनसुद्धा उचलू नका, सार्डिनियात त्याला जबर दंड आहे. बेटाभोवतीचा समुद्रही संरक्षित आहे. पाणी इतकं नितळ, की लाँचची सावली तळाशी पडलेली दिसते.