कार्ड घ्यायच्या आधी ड्रायव्हर बघा

लिनक्सवर ग्राफिक्स कार्डसाठी कंपनीचा ड्रायव्हर (कार्ड चालवणारा प्रोग्राम) टाकायचा की कर्नलसोबत, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यासोबत, येणारा ओपन सोर्स, हे मला सारखं कोणी ना कोणी विचारतं. आता मामेभावाचा नंबर. सातपूरला ड्रॉइंगचं काम करतो, घरच्या पीसीवर उबुंटू लिनक्स आहे, आणि एमजी रोडला त्याला दोन सेकंडहँड कार्डं दाखवलीत, एनव्हिडियाचं जीटीएक्स १०६० आणि एएमडीचं आरएक्स ५८०, भाव जवळपास सारखाच. "दादा, कुठलं उचलू?"

मी म्हटलं आधी पैशाचं डोक्यातून काढ. नव्वदच्या दशकात खरंच पैसे मोजायला लागायचे, स्क्रीनवर चित्र दाखवणारं एक्सफ्री८६ फुकट होतं पण नवीन कार्ड त्याला ओळखता आलं नाही तर लोक अ‍ॅक्सिलरेटेड-एक्स किंवा मेट्रो-एक्स विकत घ्यायचे. आता एनव्हिडियाचा ड्रायव्हरही फुकटच मिळतो, फक्त तो किती वर्षं चालवायचा ते कंपनी ठरवते. आणि १०६० ची गोची तिथेच आहे, ते पास्कल पिढीचं कार्ड, त्याच्यासाठी एनव्हिडियाच्या ड्रायव्हरची ५८० नंबरची मालिका शेवटची (आरएक्स ५८० कार्डाशी या आकड्याचा संबंध नाही), पुढच्या मालिकांमधून ते बाहेर. मग नुव्हो, म्हणजे एनव्हिडिया कार्डांचा ओपन सोर्स ड्रायव्हर, वापरू म्हणाल तर तिथेही बोंब, कारण जीटीएक्स ९०० पासून एनव्हिडियाने फर्मवेअरवर (कार्डच्या आत चालणाऱ्या छोट्या प्रोग्रामवर) स्वतःची डिजिटल सही लावली, त्यामुळे नुव्होला कार्डचा क्लॉक, म्हणजे स्पीड, वाढवताच येत नाही आणि सुरू होताना जो कमी स्पीड असतो त्याच्यावरच ते रखडत राहतं. डेस्कटॉप दिसतो, गेमचं नाव काढू नका. २०१२ मध्ये लिनक्सच्या जनकाने, लिनस टॉरवाल्ड्सने, फिनलंडमध्ये भर कार्यक्रमात एनव्हिडियाला मधलं बोट दाखवलं होतं ते उगाच नाही 😄

नवीन कार्डांचं बरं आहे. ट्युरिंग पिढीपासून पुढे (१६५०, २०६० वगैरे) कंपनीने २०२२ मध्ये ड्रायव्हरचा कर्नलमध्ये बसणारा भाग (मॉड्यूल) ओपन केला, वरच्या भागाचा कोड अजून बंदच आहे, पण त्या पिढीवर आता नुव्होलाही स्पीड वाढवता येतो.

आरएक्स ५८० ला ही कटकटच नाही. एएमडीजीपीयू हा त्याचा ओपन सोर्स ड्रायव्हर कर्नलमध्येच आहे, त्याच्या वरचा भाग, मेसा, उबुंटूसोबतच येतो, कार्ड खोचलं की झालं. फर्मवेअर त्यांचंही बंदच असतं म्हणा, पण निदान अपडेटनंतर काळा स्क्रीन बघत बसावं लागत नाही. एनव्हिडियात सिक्युअर बूट (सही नसलेलं काही सुरू होऊ न देणारी पीसीची सोय) चालू असेल तर ड्रायव्हर टाकून रीस्टार्ट केल्यावर एक निळा स्क्रीन येतो, 'एनरोल एमओके', म्हणजे ड्रायव्हरची सही पीसीकडून मान्य करून घ्यायची पायरी, तिथे आपण आधी दिलेला पासवर्ड टाकायचा असतो, आणि बहुतेक जण तो घाईत कंटिन्यू करून सोडतात आणि मग मॉड्यूल लोडच होत नाही.

फक्त ब्लेंडर (थ्रीडीचं सॉफ्टवेअर) वापरायचं असेल तर गणित उलटं. त्यातल्या सायकल्स इंजिनचं रेंडर आताच्या ब्लेंडरमध्ये आरएक्स ५८० वर जीपीयूने होत नाही, या दोघांत ते १०६० वरच होतं, एनव्हिडियाच्या क्युडाने, आणि क्युडा म्हणजे कंपनीचाच ड्रायव्हर. भावाला ब्लेंडर नको, त्याला ड्रॉइंगसाठी फ्रीकॅड आणि रविवारी थोडा गेम, म्हणून मी डोळे झाकून आरएक्स ५८० सांगितलं.

आता शनिवारी पेनड्राइव्हवर लाइव्ह उबुंटू घेऊन जायला सांगितलंय, दुकानातच कार्ड लावून बूट करायचं आणि सेटिंग्जमध्ये अबाउट उघडून ग्राफिक्सची ओळ बघायची. तिथे एएमडीचं नाव दिसलं तर पुढे किमतीचं बोलायचं, एलएलव्हीएमपाइप दिसलं तर सगळं प्रोसेसरच ओढतोय, कार्ड ठेवून सरळ निघायचं.