एरर 5: सक्सेस

कुंडईच्या एका कारखान्यातल्या कोल्ड रूमचं तापमान पणजीच्या सर्व्हरला पाठवणारा आमचा एक प्रोग्रॅम आहे, सी मधला, ओपनएसएसएल (कनेक्शन एन्क्रिप्ट करणारी लायब्ररी) वापरून. डेटा पोचतो सगळा, पण लॉगमध्ये दर वेळी शेवटी ही ओळ: "शटडाउन एरर 5: सक्सेस". आता हे रडायचं का हसायचं? ऑफिसातल्या नव्या पोराने लगेच खापर नेटवर फोडलं, पावसाळ्यात आमच्याकडे ते खपूनही जातं म्हणा.

पण नेटचा संबंधच नाही. एसएसएल_शटडाउनने, म्हणजे कनेक्शन संपवणाऱ्या फंक्शनने, 0 दिला तर तो एरर नसतोच, आपला क्लोज-नोटिफाय, म्हणजे "मी बंद करतोय" हा निरोप, गेला, समोरच्याचा अजून आला नाही, एवढंच. 1 म्हणजे दोन्हीकडून झालं. निगेटिव्ह आलं तरच काय चुकलं ते एसएसएल_गेट_एररला विचारायचं, कारण 0 वर विचारलं तर ते उगाच 5, म्हणजे सिसकॉल एरर (ऑपरेटिंग सिस्टिमकडची चूक), सांगू शकतं (मॅन्युअलमध्ये हे स्पष्ट लिहिलंय, पण वाचतो कोण!) आणि एररनो, म्हणजे सिस्टिमचा एरर नंबर, बिचारा शून्यच असतो, त्याचा मजकूर छापला की "सक्सेस". जुन्या कोडात अट होती "शून्य किंवा कमी". झालं.

उंबऱ्यावरून "येतो हां" म्हटल्यावर आतून "या" ऐकू येईपर्यंत थांबायचं का, तसंच हे. सॉकेट (खालचं नेटवर्क कनेक्शन) बंदच करायचाय तर थांबू नका. तोच सॉकेट पुढे वापरायचाय तर मात्र एसएसएल_रीड करत राहा, 6 म्हणजे झीरो रिटर्न येईपर्यंत, वाटेत उरलेला डेटाही येऊ शकतो.

आणि समोरच्याने काही न सांगता कनेक्शन तोडलं तर? ओपनएसएसएल 1.1.1 मध्ये एसएसएल_गेट_एररकडून 5 येतो आणि एररनो 0, ओपनएसएसएल 3 मध्ये त्याच गोष्टीला 1, म्हणजे एसएसएल एरर, येतो, "अनएक्स्पेक्टेड ईओएफ" (डेटाचा अनपेक्षित शेवट). मार्च 2020 मध्ये 1.1.1ई मध्येच हा बदल आणला होता, लोकांचे प्रोग्रॅम मोडले म्हणून त्याच महिन्यात 1.1.1एफ मध्ये मागे घेतला. ईओएफकडे दुर्लक्ष करायचा ऑप्शन आहे, पण माझ्या मते सरसकट लावू नये. आमच्या मेसेजमध्ये लांबी आधीच येते म्हणून चालतं, नाहीतर मधेच कुणी कनेक्शन तोडून अर्धाच डेटा पोचवला तरी कळणार नाही.

बाकी प्रत्येक कॉलआधी ईआरआर_क्लिअर_एरर मारा, एररची रांग थ्रेडप्रमाणे असते आणि मागचा कचरा तिथेच पडून असतो. आणि आधीच्या रीड-राइटमध्ये 1 किंवा 5 येऊन गेला असेल तर शटडाउन बोलवायचंच नाही, सरळ क्लोज.