पट्ट्यावरची बॅग

नेवार्क विमानतळावर दुपारपासून बर्फ पडत होता. रात्री साडेनऊला व्हरमाँट राज्यातल्या बर्लिंग्टनचं शेवटचं विमान रद्द झालं. विमान कंपनीच्या काउंटरवर मी आणि एक नवीन मुलगा, आणि समोर वैतागलेल्या माणसांची रांग. अशा वेळी आमचं तोंड पाठ केल्यासारखं चालतं: हे उद्या सकाळचं तिकीट, हे हॉटेलचं कुपन, बॅगा खाली पट्ट्यावर येतील त्या घेऊन जा, पुढचे कोण?

पुढचे म्हणजे टेनेसीतले एक सत्तरीचे आजोबा. आयुष्यभर ट्रक चालवलेला माणूस, आता नातीच्या बाप्तिस्म्याला व्हरमाँटला निघालेला. नव्या मुलाने त्यांना कुपन दिलं, बॅगेचं सांगितलं. ते दोन पावलं जाऊन परत आले आणि मला म्हणाले, "मॅडम, या हॉटेलच्या खोलीत तिजोरी असते का हो? बॅगेत माझं पिस्तूल आहे."

माझा हात की-बोर्डवरच थांबला. घाबरून नव्हे. महिन्यातून चार-दोन पिस्तुलं आमच्या काउंटरवरून जातातच. मला स्वतःला बंदुकीचं काडीचं कौतुक नाही, पण नियम पाळणारा प्रवासी ओळखता येतो, आणि हे आजोबा त्यातले होते. पिस्तूल रिकामं, कडक पेटीत, पेटीला कुलूप, किल्ली स्वतःच्या खिशात. गोळ्या त्यांच्या खोक्यात. निघताना नॅशव्हिलच्या काउंटरवर आपणहून सांगून, कागदावर सही करून सामानात दिलेलं. अमेरिकेत विमानाने हत्यार न्यायची रीत हीच. नाहीतर २०२३ या एका वर्षात टीएसएला, म्हणजे विमानतळांवर सुरक्षा तपासणी करणाऱ्या सरकारी संस्थेला, तपासणीच्या रांगेत लोकांच्या हातातल्या बॅगांमध्ये ६,७३७ बंदुका सापडल्या, त्यातल्या बहुतेक भरलेल्या. "अरे, ती बॅगेत राहूनच गेली," हे त्यांचं ठरलेलं उत्तर.

घोटाळा वेगळाच होता. नेवार्क न्यू जर्सी राज्यात येतं, म्हणजे आजोबा आता न्यू जर्सीत होते.

त्यांच्याकडे टेनेसीचा परवाना होता, तो त्यांनी पाकिटातून काढून दाखवलाही. व्हरमाँटला तर परवाना लागतच नाही. पण न्यू जर्सी दुसऱ्या कुठल्याही राज्याचा परवाना मानत नाही. इथे विनापरवाना पिस्तूल जवळ बाळगलं तर शिक्षा पाच ते दहा वर्षांची, आणि त्यातली कमीत कमी साडेतीन वर्षं सक्तीने आत काढावी लागतात. १९८६ चा एक केंद्रीय कायदा प्रवाशाला वाचवतो खरा. निघालो तिथे आणि पोचणार तिथे हत्यार कायदेशीर असेल, तर मधल्या राज्यातून नेता येतं. अट एवढीच की ते रिकामं हवं आणि हाताशी नको. विमानाच्या पोटात असलेली बॅग हाताशी नसते. पट्ट्यावरून उचलून हॉटेलच्या पलंगाशेजारी ठेवलेली बॅग असते.

हे मला कसं माहीत? याच विमानतळावर २००५ साली हे घडलेलं आहे. यूटाहून पेनसिल्व्हेनियाला निघालेल्या एका प्रवाशाचं पुढचं विमान चुकलं. बॅग ताब्यात घेऊन तो रात्री हॉटेलात राहिला आणि सकाळी काउंटरवर येऊन इमानदारीत म्हणाला, "बॅगेत पिस्तूल आहे." अटक. चार दिवस तुरुंगात. खटला पुढे मागे घेतला गेला, पण पिस्तूल परत मिळायला जवळजवळ तीन वर्षं लागली. त्याने पोलिसांवर दावा लावला, तो २०१० मध्ये अपील कोर्टात हरला. कोर्ट म्हणालं, तुझी पंचाईत आम्हाला कळते, पण बॅग घेण्याआधी विमानतळावरच्या पोलिसांना किंवा कर्मचाऱ्यांना गाठून 'रात्रभर ठेवून घ्या' म्हणायचं होतंस. आमच्या एका जुन्या सुपरवायझरने हे मला कामाच्या पहिल्याच महिन्यात सांगितलं होतं. प्रशिक्षणाच्या पुस्तकात याची एक ओळ नाही.

तसं मला ते लगेच पटलं होतं. मी कागलची. मामाकडे पीकसंरक्षणाची बाराबोर होती, रानडुकरांसाठी. परवान्यावर हद्द लिहिलेली, महाराष्ट्र राज्य. मामीचं माहेर निपाणीत, म्हणजे हाकेच्या अंतरावर, पण कर्नाटकात. मामाने बंदूक घेऊन कधी नाका ओलांडला नाही. निवडणूक लागली की ती निमूट ठाण्यात जमा.

"आजोबा, बॅगेला हात लावू नका," असं मी इंग्रजीत जेवढ्या आदराने सांगता येतं तेवढ्या आदराने सांगितलं, आणि खाली फोन केला. बॅग पट्ट्यावर फिरायला लागलीच होती. सामानघरातल्या माणसाने ती उचलून आत ठेवली. पोर्ट ऑथॉरिटीच्या, म्हणजे विमानतळ चालवणाऱ्या संस्थेच्या, पोलिसांनाही मीच कळवलं. आजोबा भडकले. "माझी बॅग, माझं पिस्तूल, मी काय गुन्हेगार आहे?" नाहीत, म्हणूनच तर एवढी धडपड. मग एकदम त्यांचा आवाज बसला. "माझी रक्तदाबाची औषधं त्यातच आहेत हो."

आता मराठीत सांगायचं तर बॅगेत दोन्ही प्रकारच्या गोळ्या होत्या.

सामानघरात आम्ही चौघं उभे राहिलो. पोलीस अधिकारी तिशीतली, शांत बाई होती. तिने सगळं ऐकलं, सही केलेला कागद पाहिला आणि आजोबांना म्हणाली, "तुम्ही त्या भिंतीपाशी थांबा. हात कोटाच्या खिशात. बॅग अजून विमान कंपनीच्या ताब्यात आहे, तेव्हा ती कंपनीच उघडेल." म्हणजे मी. चेन ओढली. वर इस्त्री केलेला पांढरा शर्ट, खाली चौकड्याचे दोन जाड शर्ट, नातीसाठी कागदात गुंडाळलेलं काहीतरी मऊ. हात खाली गेला तसा गार, खरबरीत प्लास्टिकचा कोपरा लागला. पोळ्यांच्या डब्याएवढी पेटी, दोन कुलपं. मी बोटं झटकन बाजूला घेतली. औषधांची पिशवी अगदी तिच्याखालीच. एका हाताने पेटी जरा उचलून धरावी लागली. दिसते त्याहून बरीच जड असते.

"मोजे पण," भिंतीकडून आवाज आला.

"मोजे उद्या," अधिकारी म्हणाली.

बॅग बंद करून सामानघराच्या कुलपात ठेवली. सकाळी ती आजोबांच्या हातात न देता परस्पर बर्लिंग्टनच्या विमानात चढवायची, असं मी चिठ्ठीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं. हॉटेलच्या गाडीत चढताना आजोबांनी औषधांची पिशवी तेवढी छातीशी धरली होती. आभार वगैरे मानले नाहीत. मला तरी कुठे कोणी रात्री विनामोज्याचं झोपवलंय?

रात्री एक वाजता पार्किंगमध्ये गाडीची काच तापायची वाट बघत मामाला फोन लावला. तिकडे सकाळचे साडेअकरा झाले होते. सगळं ऐकून घेतलं आणि त्याने एकच विचारलं.

"पिस्तूल कुठल्या बनावटीचं होतं गं?"

"पेटीला कुलूप होतं, मामा."

"मग काय बघितलंस तू?" म्हणाला, आणि फोन मामीकडे दिला.