जाड, अरुंद, गोल टोकांचा: आमच्या पाटी-फॉन्टची वाटचाल

आमची सुरुवात जुन्या एन्कोडिंगचे (अक्षरांना आपापले वेगळे संकेत देणारे) फॉन्ट युनिकोड या सर्वमान्य संकेतपद्धतीत आणण्यापासून झाली. २०२२च्या कायदादुरुस्तीने दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही मराठी पाटी बंधनकारक केली. शिवाय मराठी अक्षर दुसऱ्या लिपीपेक्षा लहान चालत नाही. तेव्हापासून पाटीवाल्यांची मागणी एकच: 'सिद्धिविनायक इलेक्ट्रिकल्स' आठ फुटांत बसवा, पण अक्षर मोठं ठेवा.

एरवी कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये फॉन्टची रुंदी ७० टक्क्यांवर आणतात. त्याने उभे दंड बारीक होतात, शिरोरेषा तेवढीच जाड राहते आणि गोल टोकं अंडाकृती होतात. 'एक टाइप' या संस्थेचा 'बालू' फॉन्ट गोल, जाड आणि मोफत आहे, उत्तमच आहे, पण तो अरुंद नाही. म्हणून अरुंद अक्षर मुळापासून रेखाटलं: १००० युनिटच्या चौकटीत दंड १५०, शिरोरेषा १२०.

सगळ्यात जास्त काम शिरोरेषेनं खाल्लं. टोकाची गोलाई ६० युनिट त्रिज्येची, त्यामुळे शेजारची दोन अक्षरं नुसती टेकवली तर मध्ये खाच पडते. रेषा दोन्ही बाजूंना ६० युनिट बाहेर काढली की सरळ भाग सरळ भागाला मिळतो आणि शब्दाची दोन्ही टोकं आपोआप गोल राहतात. आम्ही ७० काढली, म्हणजे कोणी अक्षरांतलं अंतर २० युनिटनं वाढवलं तरी चालतं. पण बाहेर काढलेली हीच शेपटी पुढच्या ध आणि भ यांच्या उघड्या डोक्यावर चढते: ध चा घ, भ चा म! त्यांच्याआधी आखूड शेपटीचं पर्यायी अक्षर येईल असा नियम फॉन्टमध्ये घातला आहे.

अक्षरांच्या आतल्या पोकळ्या ही दुसरी डोकेदुखी. ष, झ, क्ष आणि द्ध यांच्या आतल्या रेषा दंडाइतक्या जाड ठेवल्या तर लांबून नुसता ठिपका दिसतो. तिथे जाडी उतरवावीच लागते. श आणि ल यांची मराठी वळणंच मूळ ठेवली, हिंदी रूपं भाषा निवडल्यावर येतात. कोरलमध्ये भाषा निवडायच्या भानगडीत कोण पडतो?

कटिंगला देण्याआधी मजकूर कर्व्हमध्ये (नुसत्या बाह्यरेषांमध्ये) बदलून वेल्ड करा, म्हणजे एकमेकांवर चढलेले आकार एकच होतात. नाहीतर प्लॉटर, म्हणजे विनाइल कापायचं यंत्र, प्रत्येक जोडावर विनाइल कापतो. राउटरवर (फिरत्या पात्याने ॲक्रिलिक कोरणाऱ्या यंत्रावर) ३ मिमीच्या बिटने आतला कोपरा १.५ मिमी त्रिज्येचा होतोच, त्यामुळे गोल अक्षर ॲक्रिलिकमध्ये काटकोनी अक्षरापेक्षा स्क्रीनवरच्या रूपाच्या जास्त जवळ जातं. शिरोरेषेमुळे बहुतेक शब्द अखंड एका तुकड्यात निघतो. अनुस्वार मात्र सुटाच, त्याला मागचा पत्रा हवाच.

आता गुजरातीचं काम चालू आहे. तिथे शिरोरेषाच नाही, त्यामुळे शेपट्यांचं गणित संपलं, पण प्रत्येक अक्षराच्या दोन्ही बाजूंची जागा नव्यानं मोजावी लागते.