तुम्ही विचारलंत म्हणून: खाली ठेवता न येणारं भांडं

रोमच्या व्हेस्टल पुजारणींवर चित्र करतेय म्हटलं की थोडंफार वाचलेली माणसं हमखास एकच विचारतात, त्यांना जिवंत पुरायचे ना, मग तो प्रसंग सोडून तुम्ही पाण्याचं भांडं घेतलेली बाई का काढताय?

पुरायचे, हे खरंय. व्हेस्टा ही चुलीची, घरातल्या अग्नीची देवी. तिचं गोल देऊळ रोमच्या फोरममध्ये, म्हणजे शहराच्या मुख्य चौकात, आत मूर्ती नाही, नुसता अग्नी, आणि तो सांभाळायला सहा जणी. सहा ते दहा वर्षांच्या असतानाच निवडून आणायच्या आणि मग तीस वर्षं तिथेच, दहा शिकण्यात, दहा सेवेत, दहा नव्या मुलींना शिकवण्यात. ब्रह्मचर्य मोडल्याचा ठपका आला की शहराच्या कोलाइन दरवाजाजवळ जमिनीखालच्या खोलीत उतरवायचं, दिवा, थोडा पाव, पाणी, दूध, तेल ठेवायचं आणि वरून माती लोटायची. सम्राट डोमिशियनने कॉर्नेलिया नावाच्या मुख्य पुजारणीला असंच मारलं, तिचं म्हणणं ऐकूनसुद्धा न घेता. धाकटा प्लिनी या रोमन लेखकाने एका पत्रात लिहिलंय की खाली उतरताना तिचं वस्त्र अडकलं, तिने वळून ते सावरलं, मारेकऱ्याने आधाराला हात पुढे केला तर ती मागे सरली, त्याचा स्पर्श तिने होऊ दिला नाही. हे वाचल्यावर मला त्या दिवशी दुसरं काही वाचवेना.

पण व्हेस्टलना लोकांनी कायम बाहेरूनच बघितलंय. जेरोम या फ्रेंच चित्रकाराच्या १८७२ च्या प्रसिद्ध चित्रात बघा, ग्लॅडिएटरच्या झुंजीत पहिल्या रांगेत बसून, हरलेल्याला मारा म्हणून अंगठे खाली करणाऱ्या पांढऱ्या कपड्यातल्या बायका, त्या याच. एक तर क्रूर दाखवायचं नाहीतर बळी. ही परंपरा हजारेक वर्षं चालली, पुरल्या गेल्या त्या मोजक्या, बाकीच्या सगळ्या जणी रोज उठून काम करत होत्या आणि ते काम कोणी फारसं रंगवलेलंच नाही.

काम काय तर अग्नी विझू द्यायचा नाही. विझला तर जिच्या पाळीत विझला तिला मुख्य धर्माधिकाऱ्याकडून फटके, आणि मग लाकडावर लाकूड घासून नवा अग्नी काढायचा, आपल्याकडे अरणी घासून काढतात तसाच. बळी देताना वापरायचं खारं पीठही त्याच करायच्या, मे महिन्यात तिघी थोरल्या एक दिवसाआड कणसं खुडायच्या, भाजायच्या, कांडायच्या, दळायच्या. आणि पाणी. रोममध्ये पुढे लांबून पाणी आणणारे अकरा कालवे, अ‍ॅक्विडक्ट, झाले, शहरभर पाणी खेळत होतं, तरी देवळासाठी ते चालायचं नाही, कापेना दरवाजाजवळच्या झऱ्याचंच पाणी भरून आणायचं.

ते पाणी जमिनीवर ठेवायचं नाही असा नियम होता, म्हणून भांडंच असं केलेलं की तोंड रुंद आणि बूड निमुळतं, टेकवलं की कलंडणारच! सर्व्हियस नावाच्या जुन्या रोमन भाष्यकाराने हे नोंदवून ठेवलंय आणि माझं चित्र तिथेच ठरलं. चित्रकाराला यापेक्षा जास्त काय पाहिजे, हात दुखले तरी खाली ठेवता येत नाही, म्हणजे खांद्यापासून मनगटापर्यंत सगळा ताण आपोआप येतो, चेहऱ्यावर वेगळा भाव चिकटवावा लागत नाही.

केसांवर मात्र मी सगळ्यात जास्त रमले. सहा वेण्यांची ही रचना नवऱ्या मुलीचीही असायची, आणि पुजारणीची सेवेतल्या सगळ्या वर्षांत तीच. पुतळ्यांत वरून पट्ट्या आणि ओढणी असल्याने खालची गुंफण नीट कळत नाही, पण जॅनेट स्टीव्हन्स या अमेरिकन हेअरड्रेसरने २०१३ मध्ये ती खऱ्या डोक्यावर घालून दाखवली, तिचा व्हिडिओ मी थांबवून थांबवून स्केच केलाय. नुसते पुतळे बघून हे मला जमलं नसतं, ज्या बाईचे हात रोज केसांत असतात तिलाच ते सुचणार. ओढणी पांढरी, जांभळ्या काठाची, छातीवर पिनेने अडकवलेली. पांढरा रंग मी संगमरवरासारखा थंड ठेवला नाहीये, लोकर आहे ती, म्हणून खाली ऑकर, पिवळसर मातकट रंग, घातलाय आणि तो जागोजागी दिसू दिलाय.

वयाचंही विचारतात. माझी बाई पस्तिशीची आहे, म्हणजे शेवटच्या दहा वर्षांतली, शिकवणारी. मागे एक लहान मुलगी चालतेय, तिच्या हातात अजून भांडं दिलेलं नाही.

पुढचं चित्र पिठाचं करायचंय, मे महिन्यातल्या त्या तिघींचं. पॉम्पेच्या बेकरीतली मोठी दगडी जाती सगळीकडे दिसतात पण मला छोटं, हाताने फिरवायचं रोमन जातं हवंय, कोणी एखाद्या म्युझियममध्ये जवळून फोटो काढला असेल, विशेषतः खुंटा आणि वरच्या तळीचा, तर प्लीज मला पाठवा.