फळ कापलं आणि कुळच बदललं

हर्बेरियममध्ये, म्हणजे वाळवलेल्या वनस्पती कागदाच्या शीटवर चिकटवून जपतात त्या संग्रहात, काम करणाऱ्यांना हे माहीत असेल, खाऱ्या जमिनीतल्या मांसल झुडपांची शीट आली की सगळे ती शेवटी घेतात. जिवंतपणी टम्म फुगलेली पानं वाळली की सुरकुततात, काळी पडतात, गळून जातात, आणि आपल्या हातात राहतात काड्या आणि पाकीटभर चुरा. त्या दिवशी तशीच एक शीट आली, कॅरिबियन किनाऱ्यावरून देवाणघेवाणीत आलेल्या गठ्ठ्यातली. लेबलवर ‘सुएडा’ (खाऱ्या जमिनीतलं एक मांसल झुडूप) आणि पुढे प्रश्नचिन्ह, जागा म्हणून खारफुटीच्या मागचा चिखल, बस एवढंच. ज्युनिअर म्हणाली, "मॅडम, सुएडाच वाटतंय, कपाटात लावून टाकू का?"

मी म्हटलं थांब जरा, कारण काड्यांवरचे पानांचे वण समोरासमोर होते. सुएडाची पानं सहसा एकाआड एक असतात. आता समोरासमोर पानं सेसुवियमचीही असतात (तीही खाऱ्या किनाऱ्यावरची मांसल वनस्पती), त्यामुळे नुसत्या वणांवर निकाल देता येत नाही, फूल किंवा फळ बघावंच लागतं. चुऱ्यातून एक जाडसर कणीस मिळालं, ते गरम पाण्यात भिजत ठेवलं आणि मऊ झाल्यावर मायक्रोस्कोपखाली आडवं कापलं.

सुएडा असती तर प्रत्येक फळात एकच बी दिसली असती आणि आतला गर्भ चकलीसारखा गुंडाळलेला. इथे फळं एकमेकांना चिकटून सगळ्यांचं मिळून एकच मांसल कणीस झालेलं, पाकळ्या-बिकळ्यांचा पत्ता नाही, आणि प्रत्येक फळात चार कप्पे, कप्प्यात एकेक बी. मी ज्युनिअरला बोलावून दाखवलं आणि म्हटलं, ही बॅटिस मॅरिटिमा आहे, सुएडाची नातेवाईकसुद्धा नाही!

तिला पटेना. आणि खरंच, बाहेरून बघितलं तर कोणालाही पटणार नाही. सुएडा चाकवताच्या गोतावळ्यातली. बॅटिसलाही जुन्या काळी काही जण त्याच बाजूला बसवायचे. पण हिच्यात ग्लुकोसिनोलेट सापडतात, म्हणजे मोहरीचा तिखटपणा ज्या रसायनांपासून येतो ती, म्हणजे नातं मोहरीकडचं, आणि पुढे डीएनएनेही तेच सांगितलं. १९९८ च्या एपीजी वर्गीकरणात (फुलझाडांचं डीएनएवर आधारलेलं वर्गीकरण) ती कोबी-मोहरीच्या गणात, ब्रासिकेल्समध्ये आहे, आणि तिथे तिच्या जवळच्या नात्यात कोण, तर साल्वाडोरा, म्हणजे ज्याच्या काडीने दात घासतात ते मिसवाकचं झाड.

मग दिसायला दोघी एवढ्या सारख्या का? मिठामुळे. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात, अशा चिखलातून पाणी ओढायचं तर पेशीच्या आत त्याहून जास्त क्षार साठवावे लागतात, पण तेच मीठ पेशीद्रवात मोकळं सोडलं तर एन्झाइम बिघडतात. म्हणून ते रिक्तिकेत, म्हणजे पेशीतल्या पाण्याच्या पिशवीत, कोंडायचं, पाणी भरून रिक्तिका फुगवायची, आणि पान आपोआप जाड होतं. हाच उपाय वेगवेगळ्या कुळांनी आपापल्या वाटेने शोधलाय आणि मला तरी वनस्पतिशास्त्रात याहून सुंदर काही वाटत नाही. बॅटिस त्याच मिठातल्या क्लोराइडचा थोडा भाग मिथाइल क्लोराइड वायू करून हवेत सोडते, ते करणारं एन्झाइम याच झाडातून वेगळं केल्याचं १९९८ मध्ये प्रसिद्ध झालं.

जगात बॅटिसच्या जाती दोनच. ही अमेरिकेच्या किनाऱ्यांवरची, लिनियसने १७५९ मध्ये नाव दिलेली (हवाईत ती बाहेरून येऊन माजली आहे), आणि दुसरी बॅटिस अर्जिलिकोला, न्यू गिनी आणि उत्तर ऑस्ट्रेलियाच्या खाऱ्या चिखलातली. दुसरीत नर आणि मादी फुलं एकाच झाडावर येतात, मॅरिटिमात मात्र झाडंच वेगवेगळी असतात.

म्हणून शीटवर नव्या नावाची चिठ्ठी चिकटवून झाल्यावर ज्युनिअरने लगेच पाठवणाऱ्या हर्बेरियमला मेल टाकला की आमच्याकडे फक्त मादी आलीये, त्याच जागेवरची नर फुलांची फांदी मिळाली तर पाठवा, आणि पुढच्या वेळी थोडी फळं स्पिरिटमध्ये वेगळी ठेवा म्हणजे चुऱ्यात शोधत बसावं लागणार नाही.